गंडा : एका दोऱ्याची कुळकथा

वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर आठवड्यातून दोनचार वेळा तरी हा शब्द भेटतोच. नोकरीचे आमिष दाखवून कुणाला लाखाचा गंडा, पैसे दुप्पट करून देतो म्हणून कुणाला गंडा. बातमी वाचताना अर्थ विचारावा लागत नाही. गंडा म्हणजे फसवणूक. त्याच अंकाच्या रविवार पुरवणीत एखाद्या बुजुर्ग गायकावर लेख असतो आणि त्यात अभिमानाने लिहिलेले असते की, ते अमुक खाँसाहेबांचे गंडाबंध शागीर्द होते. इथे गंडा म्हणजे मान, घराण्यात मिळालेली जागा. आणि तोच पेपर ज्या घरात येतो त्या घरातले तान्हे मूल रात्री दचकून रडू लागले की दादी म्हणते, ‘दर्ग्यावरून गंडा आणा.’ इथे गंडा म्हणजे फुंकर मारून, गाठी देऊन मंतरलेला दोरा.

एकच शब्द. एका तोंडी तो संरक्षण, दुसऱ्या तोंडी दीक्षा, तिसऱ्या तोंडी दगा. या तिन्ही अर्थांशी आम्हा दख्खनच्या मुसलमानांचा जवळचा संबंध आहे. गंडे देणारे आमिल आमच्यात झाले, गंडा बांधणारे उस्ताद आमच्यात झाले, आणि गंडा घातला गेलेली गरीब माणसेही आमच्यात मोजता येणार नाहीत इतकी आहेत. म्हणून या शब्दाचा माग काढणे आम्हाला गरजेचे वाटते.

शब्दाच्या मुळाशी आहे गाठ. संस्कृतात ‘गंड’ या शब्दाच्या अनेक अर्थांत सांधा, पेर, गाठ हाही एक अर्थ आहे. उसाच्या पेरापेराचे तुकडे केले की त्याला आपण गंडेरी म्हणतो. ज्योतिषात ‘गंडांत’ म्हणजे दोन नक्षत्रांचा सांधा. आश्लेषा आणि मघा, ज्येष्ठा आणि मूळ, रेवती आणि अश्विनी यांच्यामधल्या सांध्यावरचा काळ अशुभ मानला गेला. त्यावरून मराठीत ‘गंडांतर’ आले. आज नोकरीवर गंडांतर येते, सरकारवर येते, तेव्हा बोलणाऱ्याच्या मनात नक्षत्र नसते. पण सांध्याच्या जागी धोका असतो ही जुनी समजूत शब्दात टिकून आहे. बंगालात कवड्यांच्या हिशेबात चार कवड्यांचा एक गंडा आणि वीस गंड्यांचा एक पण धरीत. म्हणजे मोजणीचा गटही गंडाच.

गाठ ही माणसाची फार जुनी लेखणी आहे. अक्षर न येणारा माणूस गाठीने लक्षात ठेवतो. ‘मनाशी खूणगाठ बांधली’ असे आपण म्हणतो ते उगीच नाही. वाढदिवसाला उर्दूत सालगिरह म्हणतात. गिरह म्हणजे गाठ. मुलाच्या नावाने ठेवलेल्या दोऱ्याला दर वर्षी एक गाठ द्यायची, अशी ती रीत होती. अनंत चतुर्दशीला हातात बांधतात त्या अनंताच्या दोऱ्याला चौदा गाठी असतात. श्रावणात पोवते बांधतात. जानव्याला ब्रह्मगाठ असते. मोहरमात फकीर होणारी मुले, त्यात हिंदू घरांतलीही असतात, गळ्यात रंगीत दोरा घालतात. दोरा आणि गाठ ही कुण्या एका धर्माची मिळकत कधीच नव्हती.

गंड्याची कृती सगळीकडे जवळपास सारखी. कच्चे सूत किंवा रेशमी दोरा घ्यायचा. काळा, लाल, हिरवा, प्रसंगाप्रमाणे रंग. त्याला एकेक गाठ देताना काही पढायचे आणि गाठीवर फुंकर मारायची. गाठी सहसा विषम, सात, नऊ, अकरा. मग तो दोरा गळ्यात, दंडात किंवा कमरेला बांधायचा. पढणारा मुसलमान असेल तर आयत, भगत असेल तर देवाची आण. अक्षर लिहिलेला कागद पेटीत घातला की तो ताईत. म्हणून मराठीत ‘गंडेदोरे’ आणि ‘गंडाताईत’ असे जोडशब्द तयार झाले. दख्खनमधल्या मुसलमानांच्या चालीरीतींवर जाफर शरीफ यांनी दखनीत लिहिलेले ‘कानून-ए-इस्लाम’ हे पुस्तक जी. ए. हर्क्लॉट्स यांनी इंग्रजीत आणले आणि ते १८३२ साली लंडनला छापले गेले. जन्मापासून मरणापर्यंतच्या विधींबरोबर ताईत, पलिते, भूत उतरवणे यांवरही त्यात सविस्तर प्रकरणे आहेत. दोनशे वर्षांपूर्वीचे दखनी घर या गोष्टींनी किती वेढलेले होते ते त्यातून कळते.

आता धर्माची गोष्ट. ती टाळून चालणार नाही, कारण गंडा देणारा धर्माच्या नावानेच देतो.

कुरआनातल्या शेवटच्या दोन सूरा, फलक आणि नास, यांना ‘मुअव्विजतैन’ म्हणतात, म्हणजे आश्रय मागायला शिकवणाऱ्या. ताईत हा आपला शब्द ज्या अरबी ‘तावीज’वरून आला तो याच धातूचा. आश्रय घेणे हा त्याचा मूळ अर्थ. सूरा फलकमध्ये अल्लाहचा आश्रय कशाकशापासून मागितला आहे? रात्रीच्या अंधारापासून, मत्सर करणाऱ्यापासून, आणि गाठींवर फुंकर मारणाऱ्यांच्या उपद्रवापासून. गाठींवर फुंकर मारणे ही त्या काळच्या अरबस्तानातली जादू होती, असाच अर्थ बहुतेक भाष्यकारांनी लावला आहे. काही तफसीरांत एक कथा येते. लबीद नावाच्या माणसाने पैगंबर मुहंमद (स.) यांच्यावर अकरा गाठींची जादू केली; मग या दोन सूरा उतरल्या, त्यांच्या आयती मिळून अकरा, आणि एकेक आयत पढताच एकेक गाठ सुटत गेली. मुहंमद अब्दुहू यांच्यासारख्या आधुनिक विद्वानांनी या कथेवर विश्वास ठेवायला नकार दिला. पैगंबरांवर जादू चालली असे म्हणणे त्यांना पटले नाही. पण कथा मानली काय किंवा न मानली काय, तिच्यात वह्यचे काम गाठ सोडवण्याचे आहे. आमच्या गल्लीतला आमिल तीच सूरा पढून गाठ मारतो! सोडवण्यासाठी आलेले शब्द बांधण्यासाठी वापरले जातात आणि याचे कुणाला आश्चर्यही वाटत नाही.

असे असूनही उलेमा या बाबतीत एकमताचे कधीच नव्हते. शाह इस्माईल यांच्या ‘तकवियतुल ईमान’ने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अशा गोष्टींना शिर्क ठरवून झोडपले. अहले-हदीस मंडळींचा सूर तोच राहिला. उलट मौलाना अशरफ अली थानवी यांनी बायकांसाठी लिहिलेल्या आणि घरोघरी पोचलेल्या ‘बहिश्ती जेवर’मध्ये ताईत आणि झाडफुंकीलाही जागा आहे, अट एवढीच की त्यात शिर्क नसावा आणि भरवसा अल्लाहवरच असावा. आमच्याकडे तर त्याही आधी, सतराव्या शतकात, श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी मराठीत ‘योगसंग्राम’ लिहिला आणि भोंदू गुरूंची, क्षुद्र दैवतांमागे धावणाऱ्यांची परखड कानउघाडणी केली. अंधश्रद्धेवरची टीका मुसलमानांना बाहेरून शिकावी लागली असे मानणाऱ्यांनी हे नाव विसरू नये.

गंड्याचा दुसरा संसार संगीतात आहे. उस्ताद शागिर्दाच्या मनगटाला दोरा बांधतो, त्याच्या तोंडात गूळ-चणे घालतो, शागीर्द नजराणा ठेवतो, चार जाणकार साक्षीला असतात. एवढाच विधी. पण त्यानंतर शागीर्द घराण्याचा होतो. त्याच्या गाण्याची चूक उस्तादाच्या नावावर जाते आणि त्याची कीर्तीही.

महाराष्ट्राच्या गाण्याचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास या दोऱ्यावाचून सांगता येणार नाही. कैरान्याहून आलेले अब्दुल करीम खाँ मिरजेत स्थिरावले, १९३७ मध्ये त्यांचे निधन झाले आणि ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजे सवाई गंधर्व, त्यांचे शागीर्द. आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. अल्लादिया खाँ कोल्हापूर दरबारात आले आणि त्यांच्या तालमीतून गोव्याच्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर घडल्या. भास्करबुवा बखल्यांनी तर फैज महंमद खाँ, नत्थन खाँ आणि अल्लादिया खाँ अशा तीन मुसलमान उस्तादांकडून विद्या घेतली. ज्या काळात एकमेकांच्या घरचे पाणी चालत नव्हते त्या काळात विद्येने केलेली ही सोयरीक होती. कलावंतिणींच्या घरातल्या मुलींना तर उस्तादांची तालीम म्हणजे समाजाने नाकारलेली प्रतिष्ठा मिळवण्याचा मार्ग होता.

तरीही या गंड्याला सोन्याचा मुलामा देण्याचे कारण नाही. गंड्याने विद्येला कुंपणही घातले. पुष्कळ उस्तादांनी चिजा लपवल्या, बाहेरच्याला वर्षानुवर्षे हुक्का भरायला लावले आणि खास विद्या पोटच्या मुलासाठी राखून ठेवली. म्हणून १९०१ मध्ये पलुस्करांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, आणि खुद्द अब्दुल करीम खाँसाहेबांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय चालवून शिक्षणाची दारे खुली केली. घराण्याच्या उस्तादानेच घराण्याच्या कुंपणाबाहेर शाळा काढावी, ही साधी घटना नव्हती.

मंतरलेल्या दोऱ्याशी तुलना केली तर या गंड्यातले वेगळेपण दिसते. इथे दोरा शागिर्दाच्या हातात असतो, पण बांधला जातो उस्तादही. दोरा बांधल्यावर त्याचे काम संपत नाही, सुरू होते. आणि विद्या दिली की नाही याचा निकाल भर मैफिलीत लागतो, लोकांच्या कानांसमोर. इथे न दिलेली विद्या दिली म्हणून सांगता येत नाही.

आणि आता तिसरा अर्थ. ‘गंडा घालणे’ म्हणजे फसवणे, ‘गंडवणे’ म्हणजे फसवणे, ‘गंडलो’ म्हणजे फसलो. दोऱ्याचा गंडाही गळ्यात घालतात आणि ठकाचा गंडाही घालतातच. नाम तेच, क्रियापदही तेच. बोलणाऱ्याच्या कानाला दोन्ही वेगळे ऐकू येत नाहीत. ‘बनवणे’, ‘टोपी घालणे’, ‘चुना लावणे’ असे फसवणुकीचे शब्द मराठीत थोडे नाहीत. पण त्यांत मंतरलेल्या दोऱ्याच्या नावाने चालणारा शब्द हाच.

हे काही एकटे उदाहरण नाही. आमच्या ‘उस्ताद’चा मराठीत ‘वस्ताद’ झाला. तालमीतला वस्ताद आदराचा. पण ‘तो मोठा वस्ताद आहे’ असे म्हटले की लुच्चा. गुरूसाठीही ‘काय गुरू!’ असा डोळा मिचकावणारा उपयोग आहेच. ‘भगत’, ‘बुवा’, ‘बाबा’, ‘महाराज’ या साऱ्या शब्दांना मराठी माणसाने अशीच दुसरी बाजू दिली आहे. ज्याच्या पाया पडायचे त्याचा हिशेबही मनात ठेवायचा, ही लोकांची रीत.

आमच्या मते या शब्दाच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. शहाणे लोक समजतात की, खेड्यातला, गल्लीतला अडाणी माणूस गंड्यावर आंधळा विश्वास ठेवतो आणि त्याला जागे करायला बाहेरून कुणी यावे लागते. पण गंड्याला फसवणूक म्हणणारी भाषा कुणा सुधारकाने घडवलेली नाही. जे गंडे बांधून घेत होते त्याच लोकांची ती भाषा. ज्योतिबा फुल्यांनी १८५५ मध्ये ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिले. त्यात जोशी गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून तिच्या घरचे होते-नव्हते ते काढून घेतो. फुल्यांनी ज्या लोकांसाठी ते लिहिले त्यांना ती लूट ओळखीची होती. शंका लोकांपाशी होतीच. नव्हता तो पर्याय.

पर्याय नव्हता म्हणजे काय, हे कोकणातल्या विंचवावरून समजते. तिथला लाल विंचू डसला की लहान मूल काही तासांत दगावत असे. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या सरकारी दवाखान्यात डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले, तेव्हा डॉक्टरांपाशीही खात्रीचा उपाय नव्हता. गंभीर रुग्णांपैकी शंभरांत तीस-चाळीस जण मरत. अशा वेळी मांत्रिकाकडे गेलेल्या बापाला अडाणी म्हणण्याचा अधिकार कुणाला होता? बावस्करांनी एकेका रुग्णाच्या उशाशी बसून निरीक्षण केले आणि १९८० च्या दशकात प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध विंचूदंशावर वापरायला सुरुवात केली. मृत्यूचे प्रमाण शंभरांत एकाच्या आसपास आले. त्यानंतर मात्र मुलाला आधी गंडा बांधायला नेणे आणि मग दवाखान्यात नेणे यात मुलाच्या जिवाचा प्रश्न आला.

गंडा लागू पडतो असे लोकांना का वाटते, हेही इथेच कळते. पुष्कळ विंचवांच्या डंखाने माणूस मरत नाही, नुसता तळमळतो. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी साप चावला तरी दर वेळी विष उतरतेच असे नाही. तान्ह्या मुलाचे रात्रीचे दचकणे वाढत्या वयाबरोबर आपोआप थांबते. जे बरे होतात ते गंड्याचे गुण गातात. जे मरतात ते साक्षीला येत नाहीत. पण नागाचे, घोणसाचे, फुरश्याचे, मण्याराचे विष गाठीने थांबत नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे मेल्याचा अंदाज दिला. त्यातली बहुतेक खेड्यातली.

म्हणूनच हा शब्द अखेर कायद्यात आला. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात गोळ्या घालून हत्या झाली. ज्या कायद्यासाठी ते वर्षानुवर्षे झगडले त्याचा वटहुकूम त्यानंतर चारच दिवसांत निघाला आणि डिसेंबर २०१३ मध्ये विधिमंडळाने कायदा संमत केला. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकार दिले आहेत. त्यांपैकी एकात कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचार घेण्यापासून रोखणे आणि त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे असे उपचार करणे गुन्हा ठरवले आहे. शब्दरचना नीट पाहावी. दोरा बांधणे हा गुन्हा नाही. आईने मुलाच्या दंडात काळा दोरा बांधला तर कायदा तिच्या दारात येत नाही. दोऱ्याच्या नावाखाली दवाखान्याची वाट अडवणे, हा गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, शिवाय दंड.

हा कायदा केवळ हिंदूंविरुद्ध आहे, अशी ओरड त्या वेळी खूप झाली. वटहुकमाखालचा पहिला गुन्हा सप्टेंबर २०१३ मध्ये नांदेडला नोंदला गेला. कर्करोग, मधुमेह, एड्स चमत्काराने बरे करतो अशा जाहिराती दिल्याचा तो आरोप होता आणि अटक झालेल्यांची नावे मुसलमानी होती. आम्हाला याची लाज वाटावी का? नावांची लाज वाटण्याचे कारण नाही. फसवणाऱ्याला धर्म नसतो असे सांगून मोकळे होण्याचेही कारण नाही. मुंबईच्या लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या ‘बंगाली बाबां’च्या जाहिराती पाहाव्यात. त्यांतली बहुतेक नावे आमच्याकडची असतात. सवतीचा जाच, मूल न होणे, परदेशातली नोकरी, रुसलेला नवरा, सगळ्यांवर एकच इलाज आणि एकच फोन नंबर. त्या नंबरावर फोन करणाऱ्यांत सर्व धर्मांच्या बायका असतात, आणि प्रत्येकीच्या मनात एक समजूत असते की मुसलमान फकिराच्या हाताला काही वेगळा गुण आहे. या समजुतीने दर्ग्यात सर्व जातींची माणसे एकत्र आणली हे खरे. पण ती समजूतच बाजारात विकायला बसलेली माणसेही आमच्यातलीच आहेत, हेही तितकेच खरे. एकीचा अभिमान सांगताना दुसऱ्या गोष्टीवर गप्प राहणे आम्हाला योग्य वाटत नाही.

गंड्याचे तीन अर्थ शेजारी ठेवले की निवाडा करायला एक साधे माप हाती येते. बांधणारा स्वतः बांधला जातो की नाही? दादी रात्रभर मुलाच्या उशाशी बसते. तिचा दोरा तिच्या जागरणाचा भाग असतो, आणि सकाळी ताप उतरला नाही तर तीच मुलाला कडेवर घेऊन दवाखान्यात जाते. उस्ताद दोरा बांधतो आणि पुढची दहा वर्षे पहाटे उठून शागिर्दाला षड्ज लावायला बसवतो. आणि तिसरा दोरा बांधतो, पैसे घेतो आणि मूल दगावले की म्हणतो, ‘तुमचाच ईमान कच्चा पडला.’ पहिल्या दोघांच्या गाठीत जबाबदारी आहे. तिसऱ्याच्या गाठीत फक्त दुसऱ्याचा गळा आहे.

मराठीने हा फरक केव्हाच ओळखला आणि तिसऱ्याला त्याचे नाव देऊन टाकले. आम्ही मराठी बोलणारे मुसलमान ही भाषा आपली म्हणतो, तर तिने केलेला हा निवाडाही आपला म्हणावा लागेल. दर्ग्याच्या पायरीवर बसलेल्या एखाद्या बाईला कुणी सांगत असेल की औषध बंद कर, हा दोरा पुरे, तर तिला फलक सूरेचा अर्थ समजावून सांगणारा माणूस तिच्या शेजारी हवा. आणि तिला लगेच घेऊन जाता येईल असे आरोग्य केंद्र, उघडे आणि औषध असलेले, तिच्या गावाजवळ हवे. या दोन गोष्टी झाल्या तर गंड्याचा एकच अर्थ मागे राहिला तरी चालेल, मनगटावर बांधला जातो तो.